‘सर्टन’चा अर्थ

कालव्याच्या वाटेत बेलसऱ्यातली अकरा घरं येत होती. प्रांतसाहेब कारखानीस इंग्रजी हुकूम घेऊन चावडीवर आले. ‘सर्टन’ घरं रिकामी करावीत, त्या लोकांना ‘सर्टन’ जागा मिळेल, असं त्यात लिहिलं होतं.

“सर्टन म्हणजे निश्चित,” साहेबांनी ऐकवलं. “ही अकरा घरं महिन्याभरात रिकामी झालीच पाहिजेत.”

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या द्वारकाबाई गुरवांचं घरही त्यात होतं. त्या उठल्या.

“आणि आमची जागा कुठली निश्चित झालीय, साहेब?”

साहेब हसले. “अहो बाई, तिथं सर्टन म्हणजे कुठली तरी. इंग्रजी जरा नीट शिका!”

द्वारकाबाईंनी हुकूम मागून घेतला आणि सावकाश वाचला.

“खरंय, दोन्ही अर्थ होतात. पण कुठला कुठं लावायचा, ते काही यात लिहिलेलं नाही. मग आम्ही जागा निश्चित धरतो, आणि घरं कुठली तरी रिकामी करतो. तुमच्या बंगल्यापासून सुरुवात केली तर चालेल ना?”

अख्खी चावडी हसली. साहेबांनी कागद परत घेतला.

पंधरा दिवसांनी नवा हुकूम आला. तो मराठीत होता, आणि अकरा नावांपुढे अकरा प्लॉटचे नंबर होते.