हौसाचे दोन पांगारे

डोंगरापलीकडे एक पानमळा होता. विड्याच्या पानांचे हिरवेगार वेल पांगाऱ्यांच्या अंगाखांद्यावर चढायचे. पण पांगाऱ्यांना रोग लागला. पानं मुरडली, गाठी आल्या, झाडं वाळली आणि वेलही खाली लोळले. हौसाची आई तिथंच राबायची. मळा मोडला तर चूल कशी पेटणार?

एक म्हातारा पांगारा तेवढा अजून फुलत होता. हौसा त्याला रोज इवल्याशा लोटीनं पाणी घाली. एका सकाळी त्याच्या लालचुटुक फुलातून अंगठ्याएवढी परी उतरली. चिमुकले पंख कसे सोनेरी, चमचमणारे!

"माग हवं ते. एकच हं!"

हौसाला नवा परकर हवा होता. पण ती म्हणाली, "परीताई, पांगारे परत येऊ देत."

"मोठंच मागितलंस की गं!" परी हसली. "तुमची सगळी झाडं एकाच झाडाच्या फांद्या खोचून केलेली. एकाला बाधलं, की सगळ्यांना बाधतं. तू माझ्या या पांगाऱ्याच्या बिया पेर. रोपं एका दिवसात वर्षाएवढी वाढतील. पण त्यांना रोगापासून लपवायचं नाही. आणि जी तगतील, त्यांना बी धरेपर्यंत कोयता लावायचा नाही."

हौसानं चाळीस बिया पेरल्या. कोवळी पानं मुरडू लागली, तेव्हा तिला ती परकराखाली झाकावीशी वाटली. ती हात मागं धरून रडत बसली. शेवटी दोनच उरली, एक वाकडं, एक ठेंगू. चौथ्या दिवशी दोन्ही फुलली!

आई कोयता घेऊन धावली. "हौसे, फांद्या खोचू! सांजेला मालक मळा मोडायला येतोय."

हौसानं झाडाला मिठी मारली. "नको गं आई! पुन्हा सगळी एकसारखीच होतील. सांजेपर्यंत थांब."

आईनं लेकीचा चेहरा पाहिला आणि कोयता खाली ठेवला.

शिंजीर पाखरं दिवसभर या फुलातून त्या फुलात चोची बुडवत होती. सांजेला शेंगा खुळखुळल्या. हौसानं त्यातल्या बिया पेरल्या आणि बघता बघता त्या उगवल्या. मालक आला, तुकतुकीत अंकुर पाहून म्हणाला, "बरं, सकाळपर्यंत थांबतो."

सकाळी दर दहातली आठ रोपं ताठ उभी होती, पानावर एक गाठ नाही!

"राहू दे मळा," मालक म्हणाला. आईला हसू आवरेना.

"आता हे माझ्याकडून," फुलातून पुन्हा डोकावत परी म्हणाली आणि लखलखत्या उजेडात विरून गेली. फांदीवर पांगाऱ्याच्या रंगाचा नवा परकर लटकत होता.

हौसानं तो नेसला, ओच्यात उरलेल्या बिया भरल्या आणि शेजारच्या गावच्या, रोग लागलेल्या मळ्याकडे धूम ठोकली.