तपकिरी रेघ

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरल्या त्या खोऱ्यात बातमी आली ती एका साध्या सकाळी, असे तिथला म्हातारा विणकर पाहुण्यांना सांगतो. मुरिअल दारात लोकर पिंजत बसली होती. तिचा मुलगा टॉर्कल होडी घेऊन गेला त्याला दीड महिना झाला होता. कुठल्या तरी बेटावर अडकला असेल, अशी तिने मनाची समजूत घातली होती. तेवढ्यात सुया विकणारी बाई आली आणि बोलता बोलता म्हणाली, "पलीकडच्या बेटावर एक पोरगा वाहून आला हो. अंगावर टार्टनची, चौकड्यांच्या लोकरी कापडाची शाल, पण कुठल्या कुळाची ते कळेना. हिरव्या-काळ्या चौकड्यांत तपकिरी रेघ! असं कोण विणतं? पुरलं बिचाऱ्याला दफनभूमीत, परक्यांच्या कोपऱ्यात."

मुरिअलच्या हातातली लोकर हातातच राहिली.

त्या काळी म्हणे चौकड्यांवरूनच माणूस कुठला ते ओळखत. या खोऱ्याची खूण हिरव्या-काळ्यातली बारीक लाल रेघ. त्या वर्षी लाल रंगाचा व्यापारी फिरकलाच नाही. रेघेवाचून पोराला कोण ओळखणार, म्हणून मुरिअलने खडकावरचे दगडफूल खरवडून, उकळून सूत तपकिरी रंगवले. शेजारच्या एफी म्हातारीने हटकले होते, "दगडाचा रंग दगडाकडे परत जातो गं. दर्यावर जाणाऱ्याला नको."

"मग तुमच्या म्हाताऱ्याला विणून देते. ते कुठे चुलीपुढून हलतात!" मुरिअल म्हणाली. साऱ्या बायका हसल्या, एफीसुद्धा.

आता गाव म्हणू लागले, खडकाने आपला रंग परत नेला. मुरिअलला ते लागले नाही; तिला सलत होते ते वेगळेच. रेघेची जागा मोकळी सोडली असती, तर हिरव्या-काळ्यावरून तरी कुणी अंदाजाने निरोप धाडला असता. तिने रेघ भरली, आणि तिचा मुलगा कुणाचाच राहिला नाही.

ती त्या बेटावर गेली. कोपऱ्यात तीन ताजी थडगी होती.

"यातलं कुठलं?"

थडगी खणणाऱ्याने टोपी काढली. "बाई, वादळानंतर एकाच दिवशी तिघांना पुरलं. आता नाही सांगता येत."

आजही त्या खोऱ्यात लाल सूत संपले की माग थांबतो. गिऱ्हाईक महिनाभर ताटकळले तरी तिथे दुसरा रंग कुणी भरत नाही. टॉर्कलच्या नावाचा दगड मुरिअलने घडवून घेतला होता, असे सांगतात. तो कुठेच लावला गेला नाही.