भाजलेली आई

मोठ्या पुरानंतरचं अकरावं वर्ष होतं आणि शिशिराचा शेवटचा दिवस. भुरवा लोकांना त्या दिवशी आपल्या आईला निरोप द्यायचा होता. त्यांची आई म्हणजे तळ्याच्या मातीची कच्ची घागर. माती तळ्याकडून उसनी आणायची, वर्षभर पुजायची आणि वर्ष सरलं की पाण्यात विरघळू द्यायची, अशी रीत होती.

पण त्या वर्षी गावात एकही मूल दगावलं नव्हतं. पुजारीण केळाईची त्याआधी तीन नातवंडं गेली होती. "हिला मी जाऊ देणार नाही," असं म्हणून तिने घागर भट्टीत भाजून काढली. घागर सुखावली. तिलाही पोरांना सोडून जायचं नव्हतं.

पुढच्याच वर्षी चौथं नातवंड गेलं. केळाई तळ्याकडे नवी माती मागायला गेली.

"आधीची परत कर," तळं म्हणालं.

तिने घागर पाण्यात सोडली. घागर बुडाली, पण विरघळेना.

"बा, मला ओळखलं नाहीस?" घागरीने विचारलं.

"माझी लेक पाण्यात विरते. तू तर विटेची बहीण."

मग घागर म्हणाली, "केळाई, मला बाहेर काढ. फोड आणि जात्यात दळ."

"आई, दुखेल गं तुला."

"भट्टीत काय गार वाटलं होतं? दळ."

केळाई सात दिवस दळत होती. अंगणात पोरं खेळत होती, आणि ऐकू येईनासं होईपर्यंत घागर त्यांचा आवाज ऐकत राहिली. आठव्या दिवशी केळाईने तो भुगा पदरातून नेला आणि मूठमूठ तळ्यात सोडला. तळ्याची माती तळ्याला पोचली.