अप्पांनी बसून निवडलेलं भांडं

अप्पासाहेब खानविलकर मामलेदार होते. नोकरी संपून वर्षं झाली, तरी फर्मानं काही संपली नव्हती. घरातल्या संडासाचं भांडं बदलायचं ठरलं, तेव्हा ते गरजले, "इंडियनच येणार! उकिडवं बसणं हा आपला व्यायाम आहे."

अप्पांच्या पत्नीचे गुडघे पार गेलेले. सासूबाईंसाठी भांडून भांडून सून शलाकाच्या तोंडाला फेस आला. अप्पा स्वतः जेवायला टेबलावर आणि पूजेलाही खुर्चीवर बसत. पण ते त्यांना सांगणार कोण?

दुकानातही व्याख्यान चालूच. "कमोड म्हणजे आळशांची खुर्ची," अप्पांनी दुकानदारालाच सुनावलं.

शलाकाने कपाळावर हात मारून घेतला. मग अगदी नम्रपणे म्हणाली, "बरं अप्पा, इंडियनच घेऊ. पण चप्पल कशी पायात घालून बघतो, तसं एकदा बसून बघा. नंतर दुकानदार बदलून देणार नाही."

चार गिऱ्हाइकं बघत होती. माघार कशी घ्यायची? अप्पा भांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून ऐटीत बसले. उठताना मात्र गुडघे ऐकेनात. चाचपडत त्यांनी शेजारच्या कमोडची कड धरली, कण्हत कण्हत कसेबसे वर आले आणि धपकन त्याच्यावरच टेकले.

"हुश्श!"

शलाका दुकानदाराकडे वळली. "दादा, हाच कमोड द्या. अप्पा दोन्हींवर बसले, पण हुश्श ह्याच्यावरच म्हणाले."