आवाज बंद केल्यावर

“बोटानं वाचणारं आता उरलंय कोण, बाई?” असं जयवंतनं विचारलं, की “उरलंच कोण” असं, हे मला आज खात्रीनं सांगता येणार नाही. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, पण माझी आठवण पुरावा म्हणून मी स्वतःही स्वीकारणार नाही. प्रश्न मात्र हाच होता. त्यातला तोराही.

बाई म्हणजे हळबेबाई. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत माझ्या शेजारी राहत. जन्मांध. अंधशाळेत त्यांनी कितीतरी मुलांना ब्रेल शिकवलं. जयवंत कोळेकर त्यांतलाच एक, तोही जन्मांध. आता पुण्यात नावाजलेला प्रोग्रामर.

संगणकाच्या पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारा एक स्क्रीन रीडर आहे. ओपन सोर्स, म्हणजे ठिकठिकाणची माणसं तो आपणहून घडवतात आणि सांभाळतात. तो नुसता बोलत नाही. ब्रेलची पट्टी जोडली तर तीच ओळ टिंबांच्या रूपानं बोटाखाली उभी करतो. त्यातलं मराठी ब्रेल एकटा जयवंत सांभाळत होता.

ते तो काढून टाकणार होता. तेवढंच सांगायला आला होता. तो येऊन बसल्यावर मागोमाग मीही बाईंकडे गेलो होतो.

“दर नव्या आवृत्तीला ते मोडतं, बाई. मी जोडत बसतो. आणि वापरतं कोण? आवाज आहे ना! मघाशी ऐकवला ना, मी तो इतक्या वेगानं ऐकतो, की शेजारच्यांना डब्यात खडे हलवल्यासारखं वाटतं.”

“मलाही तसंच वाटलं,” बाई म्हणाल्या.

तो मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही.

बाईंचा डावा कान गेला होता. उजवा जात होता. डॉक्टरांनी आशा ठेवली नव्हती. कान गेल्यावर वाचायला, कुणी काय म्हणतंय ते कळायला, ती टिंबंच काय ती उरणार होती. हे मला ठाऊक होतं, जयवंतला नव्हतं. त्याला सांगायचं नाही, अशी बाईंची मला सक्त ताकीद होती.

बाई आता स्वतः सांगतील, निदान गळ तरी घालतील, म्हणून मी वाट पाहत राहिलो…

“पट्टी आणलीयस?” बाईंनी विचारलं.

“आहे की पिशवीत.”

“लाव.”

त्यानं पट्टी आपल्या संगणकाला जोडून बाईंच्या मांडीवर ठेवली. आवाज खडखडू लागला. सपाट पट्टीतून बारीक टिंबं वर आली, क्षणभर उभी राहिली, बुडाली. त्याच जागी दुसरी आली. बाईंचं बोट त्यांच्यावरून गेलं आणि त्या किंचित हसल्या. मजकुरातल्या कुठल्या तरी गमतीवर. मी दोन डोळ्यांनी पाहत होतो आणि मला काहीच दिसलं नव्हतं.

“ओळ पळते रे.”

“वाचून झालं की पुढची येते. आपोआप. ती सोय मी केलीय.”

“कोणाचं वाचून झालं की?”

“आवाजाचं.”

“अस्सं…”

बाईंनी हात पुढे केला, कळ चाचपली आणि आवाज बंद केला.

बोट ओळीच्या टोकाला पोचलं. थांबलं. पुढची ओळ आली नाही.

जयवंतनं एक कळ दाबली. मग दुसरी. मग पट्टीवरची. सगळ्या कळा त्यानं आवाजाशीच बांधल्या होत्या.

“असं कसं झालं…”

“आवाज बंद करून कधी पाहिलं होतंस?”

“नाही. आवाज बंद कोण करेल, बाई? आंधळ्या माणसानं आवाज बंद केला, तर तो…”

तो मध्येच थांबला.

गल्लीत कुणीतरी सतारीची तार लावत होतं. पुन्हा पुन्हा तीच तार. जयवंतनं मान वळवली, ती बाईंच्या दिशेनं.

“बाई, मी मघाशी दारात हाका मारत होतो. बराच वेळ.”

“हं.”

“मला वाटलं, तुम्ही आतल्या खोलीत असाल.”

“इथेच होते. याच खुर्चीत.”

“अजून किती दिवस येईल ऐकू?” त्यानं विचारलं.

“येईल थोडे. ते राहू दे. तू तुझं सांग. काढून टाकतोयस ना?”

त्याच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना.

“नाही काढत,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी मी…”

“माझ्यासाठी काही करू नकोस. हात दे इकडे.”

पहिलीतल्या पोराचं धरावं तसं त्यांनी त्याचं बोट धरलं आणि त्या अडकलेल्या ओळीवर ठेवलं.

“वाच.”

“सवय गेलीय, बाई.”

“मग बोटं काय भजी खायला ठेवलीयस? वाच.”

तो वाचू लागला. एक अक्षर. थांबला. मागे आला. पुन्हा तेच. ओठ हलत होते, कपाळावर घाम होता. बाईंनी उजवा कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि डोळे मिटले… त्यांना डोळे मिटायची काय गरज होती, मला माहीत नाही. विद्वानांच्या सभांतून मी पुष्कळ बसलो आहे. इतकं ऐकणारा चेहरा मी कुठे पाहिला नव्हता. श्वास घेतानाही मला संकोच वाटत होता.

अर्ध्या ओळीत जयवंतनं बोट उचललं.

“वेळ लागेल, बाई. सगळं उसवून पुन्हा शिवावं लागेल. आणि मलाही आधी…”

“लागू दे,” बाई म्हणाल्या. “तुझं वाचून होईपर्यंत मला ऐकू येईल.”

हे वाक्य त्या असंच म्हणाल्या, की माझ्या मनानं ते नंतर रचलं, ही रुखरुख मला पुष्कळ वर्षं होती. शेवटी मी बाईंनाच विचारलं. तोवर त्यांचे दोन्ही कान पूर्ण गेले होते. दारात फटाका वाजला तरी त्या वळत नसत. मांडीवर पट्टी असे, आवाज बंदच. मला आठवत होतं तसं ते वाक्य मी कीबोर्डवर टाइप केलं आणि पुढे लिहिलं, असंच म्हणाला होतात का?

बोट ओळीच्या टोकाला गेलं. त्यांनी कळ दाबली. पुढची ओळ वर आली.

“असंच म्हणाले होते,” बाई म्हणाल्या. “जयवंतचं वाचून अजून झालेलं नाही.”