कॉम्प्युटरवरची तीन तारीख

लेकीच्या तापापायी चार तारखेपासून घेतलेली रजा नोकरीवर बेतणार, या धास्तीने शलाकाचा डोळा लागला नव्हता. नऊ तारखेला ती दूध संघाच्या कचेरीत गेली, तर टेबलावर पत्र: 'रजा नामंजूर.' खाली तारीख तीन. तीन तारखेला ती कामावरच होती, पण हे पत्र ती आज पहिल्यांदाच पाहत होती. त्यात तिच्या कॉम्प्युटरवर लाल इशारा: 'सुरक्षा प्रमाणपत्र वैध नाही.' दूधनोंदणी उघडेचना.

"रजा नाकारली तरी घरी बसता, वर मशीन बिघडवता!" ढवळीकर साहेब सगळ्यांदेखत कडाडले. "आत्ता सुरू करा, नाहीतर कायमच्या घरी बसा!"

आपलंच काही चुकलं असेल, असं तिला सवयीने वाटलं. मग तिने पडद्याचा कोपरा पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं.

"साहेब, या इशाऱ्यातच लिहिलंय, नवं प्रमाणपत्र कालपासून लागू झालंय, पण या कॉम्प्युटरवर आज तीन तारीख आहे. त्याच्या लेखी ते अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो ते मानत नाही. मी नसताना कुणीतरी तारीख मागे नेली. आता पुढे आणू, की अजून एखादं जुनं पत्र छापायचंय?"

कचेरीत खसखस पिकली. साहेबांनी पत्र टराटरा फाडलं आणि केबिनचं दार आपटलं.

संध्याकाळी तिने चार वर्षांच्या ओवीला सगळं सांगितलं.

"मग ते सॉरी म्हणाले?"

"नाही गं."

"मग उद्या परत ओरड."