सोनीचं वरचं अन्न

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक भोळा बाप होता. त्याचं नाव गेणू. बायको हौसा भेंडी तोडायला मळ्यावर जायची आणि त्यांची लेक सोनी दिवसभर गेणूच्या हवाली असायची. लेकीवर गेणूचा फार जीव. तिच्याबद्दल कुणी काही सांगितलं, की तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा. अडचण तेवढीच होती.

सोनीला सातवा महिना लागला आणि तिचं वजन वाढेना. अंगणवाडीच्या मालनताईंनी तिला काट्यावर ठेवून पाहिलं. त्यांना काळजी वाटली. त्या म्हणाल्या की आता नुसत्या दुधावर भागायचं नाही, पोरीला वरचं अन्न सुरू करा.

दुसऱ्या दिवशी गेणूनं डाळ-तांदळाचं खिमट शिजवलं, निवू दिलं. सोनीला गोधडीवर बसवलं. मग शिडी लावून तो माळ्यावर चढला आणि तिथून चमच्या-चमच्यानं खिमट खाली सोडू लागला. एक घास सोनीच्या टाळूवर पडला, एक कानात गेला. सोनी खुदुखुदु हसत होती. पोटात मात्र काही जात नव्हतं.

संध्याकाळी हौसानं पोरीच्या केसांतली शितं काढली. ती म्हणाली, "अहो, वरचं म्हणजे दुधाच्या वरचं. माळ्यावरचं नव्हे. पोरीला काही द्यायचं तर आधी मऊ कुस्करायचं, मग द्यायचं."

"असं होय," गेणू म्हणाला. "आता नाही चुकायचा."

पुढच्या खेपेला मालनताईंनी सोनीला खेळायला लाकडी खुळखुळा दिला. गेणूनं तो खलबत्त्यात घातला आणि घाम येईपर्यंत कुटला. भुगा वाटीत काढून बोटानं चाचपून पाहिला, तर अजून टोचत होता. तो पुन्हा कुटायला बसला, तोवर हौसा आली. तिनं वाटी काढून घेतली. खेळणं कुस्करत नाहीत, ती म्हणाली, ते लांबून दाखवायचं, म्हणजे पोर ते धरायला रांगत येतं आणि हातापायांत जोर भरतो.

गेणूला हे फार पटलं. सकाळी त्यानं खिमटाची वाटी सोनीला लांबून दाखवली. सोनी रांगत आली. गेणू मागं सरकला. सोनी आणखी रांगली, गेणू आणखी सरकला. असं करत दोघं घराला वळसा घालून गोठ्यापाशी पोचले. तिथं गेणूची पाठ गाईला लागली. गाईनं मान वळवून वाटी चाटूनपुसून साफ केली. सोनीच्या गुडघ्यांत जोर आला, पोट खपाटीलाच राहिलं.

आता हौसा डोक्याला हात लावून बसली. पोरीचं वजन वाढायचं कसं, याची तिला खरोखरच भीती वाटू लागली होती. गेणूलाही वाईट वाटलं. तिनं त्याला शेजारी बसवून समजावलं की खाणं दुरून दाखवायचं नसतं, पोरीला जवळ घ्यायचं आणि एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत वाटी संपवायची.

दुसऱ्या दिवशी गेणू सोनीला मांडीवर घेऊन अंगणात बसला. एक घास त्यानं चिऊला टाकला, एक काऊला. चिमण्या थोड्या आल्या, पण कावळ्यांनी सगळ्या आळीला सांगावा धाडला. वाटी संपली तरी सोनीची पाळी आली नाही, आणि तिनं भोकाड पसरलं. हौसा परतली तेव्हा अंगण काळंभोर झालेलं आणि गेणू रडणाऱ्या लेकीकडं कौतुकानं बघत बसलेला.

हौसाचा धीर सुटला. "ते चिऊकाऊ राहू द्या," ती म्हणाली. "एवढंच ध्यानात ठेवा. पोर रडलं की उचलायचं, घरात आणायचं आणि पोटभर भरवायचं."

हे मात्र गेणूनं नीट केलं. सोनी रडली की तो उचलायचा, घरात आणायचा, मांडीवर घेऊन भरवायचा. सोनीनं बाळसं धरलं. मालनताईंनी काट्याकडं पाहून गेणूला शाबासकी दिली. हौसाला वाटलं, सुटलो.

मग नऊ महिन्यांच्या लशीचा दिवस आला. गेणू शेजाऱ्याची बैलगाडी मागून सोनीला अंगणवाडीत घेऊन गेला. गावातली सगळी तान्ही पोरं आली होती. सुया टोचून झाल्या. पोरांना ओसरीवर सतरंजीवर ठेवून आया आत मालनताईंचं बोलणं ऐकायला बसल्या. जरा लक्ष ठेवा, असं ताई गेणूला सांगून गेल्या.

एका पोराची मांडी ठणकली. त्यानं सूर लावला. त्याचं ऐकून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं.

हौसा मळ्यावरून आली तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गोधडीवर पोरं, पाटावर पोरं, गेणूच्या दोन्ही मांड्यांवर पोरं. चुलीवर हंडाभर खिमट. सगळ्यांची तोंडं बरबटलेली, कुणीही रडत नव्हतं. आळीतून बायांचा गलका जवळ येत होता.

हौसानं एकेक तोंड पुसून पाहिलं. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"अहो, यात आपली सोनी कुठाय?"

"ती राहिली तिथंच," गेणू शांतपणे घास कालवत म्हणाला. "गुणाची पोर आपली. रडलीच नाही."